अननसाच्या आठ फोडी

फळाविषयी आपल्या समाजाच्या मनात एक जन्मसिद्ध विश्वास आहे. एकादशीस धान्य वर्ज्य झाले तरी फळ चालते, आजाऱ्याच्या समाचारास जाताना हातात मोसंब्यांची पिशवी असली म्हणजे तोंडात शब्द नसले तरी भागते, सुवासिनीची ओटी फळावाचून भरत नाही, आणि सत्यनारायणाच्या प्रसादात केळे आहे की नाही हे कोणी विचारीतही नाही, कारण ते असावयाचेच. अशा या सर्वमान्य व पंक्तिप्रपंच न जाणणाऱ्या पदार्थात मद्य मुरवून तो उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी प्रौढ पाहुण्यांपुढे ठेवावा, ही कल्पना ज्यांना केवळ गमतीची वाटते आणि ज्यांना ती ऐकताच भुवया वर कराव्याशा वाटतात, त्या दोन्ही पक्षांचे म्हणणे एकाच ओसरीवर बसून ऐकण्याचा योग मला डोंगरकड्यास आला.

हे गाव कळमनुरी तालुक्यातले. नांदेडहून हिंगोलीकडे जाताना अर्धापूर मागे पडले आणि वारंगा फाटा अद्याप यावयाचा असला म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांनी केळीचे, उसाचे व हळदीचे जे पट्टे लागतात, त्यांतच ते वसले आहे. वादी व प्रतिवादी परस्परांचे मामा-भाची. मामा राज्य उत्पादन शुल्क खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे वडील निजामाच्या आबकारीत कारकून होते, त्यामुळे खात्याचे नाव बदलले, सरकार बदलले, तरी गावाने या घराण्यास ‘दारोगासाहेब’ या एकाच पदवीने दोन पिढ्या ओळखले. भाचीने गोव्यात पाकशास्त्राचे शिक्षण घेतले असून ती पुण्याच्या एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात काम करते. सुट्टीस आजोळी आली असता, मामेभाऊ, त्यांच्या बायका आणि नांदेडचे दोन-चार स्नेही यांना १ मे रोजी रात्री शेतातल्या आखाड्यावर जेवावयास बोलवावे आणि जेवणाआधी रममध्ये मुरवलेली फळे द्यावीत, असा बेत तिने मामांच्या कानी घातला. तेथून पुढे जे झाले ते मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देतो.

“फळ आणि दारू यांची एकत्र भेट मला पहिल्यांदा झाली ती ओढ्याकाठी पुरलेल्या पिंपात,” मामा म्हणाले. “काळा गूळ, नवसागर आणि बाजारात कोणी न घेतलेली कुजकी फळे. पंचनाम्यात आम्ही त्याला रसायन लिहीत असू, आणि तिकडे विदर्भाच्या हद्दीत मोहाचा असला तर सडवा म्हणत. तो वास ज्याच्या नाकात एकदा बसला, त्याला तुझ्या काचेच्या बरणीचे कौतुक कसे वाटावे?”

“मामा, तुम्ही ज्याची जप्ती केलीत ते आंबवलेले फळ, मी म्हणते ते भिजवलेले. तुमच्या पिंपात फळातली साखर खाऊन किण्व मद्य तयार करीत होते. माझ्या बरणीत मद्य आधीच तयार असते, त्यावरचा कर सरकारजमा झालेला असतो, बाटलीला झाकण व त्यावर मुद्रा असते. आणि त्या तीव्रतेत किण्वाचा जीवच राहत नाही, म्हणून फळ आंबत नाही, टिकते. जर्मनीतल्या घरांतून उन्हाळ्याच्या आरंभी पहिली स्ट्रॉबेरी आली की ती साखर व कडक रम यांच्यासह मातीच्या बरणीत घालतात, मग जसजसे एकेक फळ हंगामात येईल तसतसा त्याचा थर वर चढवतात, आणि नाताळापूर्वीच्या आठवड्यांत ती बरणी उघडतात. गोव्यात आणि आपल्या वसईतही नाताळच्या केकसाठी बेदाणे, काजू, संत्र्याची साल हे सारे आधीपासून रममध्ये घालून ठेवतात. त्या बरण्या पाहून कोणाला ओढा आठवत नाही.”

मामांनी हा भेद तत्काळ मान्य केला. जन्मभर मुद्देमालाचे वर्गीकरण केलेल्या मनुष्यास वर्गीकरणाचा मुद्दा पटावयास वेळ लागत नाही. परंतु मान्य करतानाच त्यांनी दुसरीकडून चाल केली. “तरी कायद्यातली उत्पादनाची व्याख्या फार ऐसपैस आहे. नुसते गाळणे म्हणजेच उत्पादन, असे नाही. मद्याला स्वाद देणे, रंग देणे, त्याचे मिश्रण करणे, हेही तीत येते. घरगुती बरणीसाठी कोणी दारात येत नाही हे मी जाणतो. मी असतो तर मीही आलो नसतो. पण तू ज्याला निव्वळ पाककृती म्हणतेस तिच्याकडे सरकार दुसऱ्या नजरेने पाहू शकते, एवढे ध्यानात ठेव.”

“सरकारची नजर मला ठाऊक आहे,” ती हसून म्हणाली. “कौटिल्याने सुराध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमला होता, म्हणजे तुमचे मूळपुरुष. त्याच्या यादीत आंब्याच्या रसाची सहकारसुरा आहे, द्राक्षांचे मधु आहे, आसव आहेत, अरिष्टे आहेत. आणि इतका करडा गृहस्थ, पण कुटुंबवत्सल लोकांना मंगलकार्याच्या प्रसंगी घरी श्वेतसुरा करण्याची मोकळीक त्याने दिली. उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या वेळी तर चार दिवसांची. अडीच हजार नव्हे, दोन हजार वर्षे म्हणा, पण तेव्हा जे चालत होते ते डोंगरकड्यात आज का चालू नये?”

“त्याच प्रकरणाच्या आरंभी वाच. ज्याचे आचरण शुद्ध म्हणून ठाऊक आहे अशा मनुष्यानेच मद्य बाहेर न्यावे, आणि तेही ठरलेल्या मापाने. अर्धा कुडुब, कुडुब, अर्धा प्रस्थ, प्रस्थ. कौटिल्याला दारूची भीती नव्हती. बेहिशेबी दारूची होती. माझेही तेच म्हणणे आहे.”

येथवर मला वाटले होते की वाद दारू पिणे चांगले की वाईट या नेहमीच्या चाकोरीने जाईल. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ, बरबाद झालेले संसार, उलट पक्षी व्यक्तिस्वातंत्र्य, असे काही तरी. नरसी-नामदेवाच्या मुलखात तसे होणे स्वाभाविकही होते. परंतु मामा स्वतः निर्व्यसनी असूनही नीतीच्या दिशेस एकदाही वळले नाहीत, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे उडवून लावणे मला अवघड झाले. त्यांनी कागद मागवला.

“तू अर्धा किलो अननस घेणार, त्यावर अर्धा लिटर रम ओतणार. आपल्याकडची रम शेकडा ४२.८ मद्यार्काची; बाटलीवर छापलेले असते. म्हणजे बरणीत शुद्ध मद्यार्क झाला सुमारे २१४ मिलिलिटर. अननसात पाणीच अधिक, सव्वाचारशे ग्रॅमच्या वर धर. दोन दिवसांत हे पाणी आणि ती रम एकजीव झाली म्हणजे फोडीच्या आतला रस आणि बाहेरचा अर्क दोन्ही जवळजवळ एकाच बळाचे होतात. माझ्या हिशेबाने शेकडा २३. तुझी फोड सुपारीएवढी, आठ ग्रॅमची. अशा आठ फोडी खाल्ल्या की तीस मिलिलिटरचा एक पेग पोटात गेला. आता सांग, गप्पा मारीत काडीने अननस टोचून खाणारा मनुष्य आठव्या फोडीवर थांबतो का? पेल्यातला घोट घशाला चटका देऊन आपली हजेरी लावतो. साखर आणि आंबटपणा यांच्या आडून गेलेली फोड तसे काही करीत नाही. वीस फोडी खाऊन तुझा पाहुणा गाडीवर बसेल आणि म्हणेल, मी तर प्यालोच नाही, फळे खाल्ली. रक्ताच्या शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅम ही मोटार वाहन कायद्याची मर्यादा. ती फळाने ओलांडली की पेल्याने, हे कोणी विचारणार नाही.”

कागद भाचीने हाती घेतला, आकडे तपासले आणि बरोबर आहेत असे सांगितले. वादात प्रतिपक्षाचा हिशेब तपासून त्यास खरा म्हणण्याचे धैर्य मी विधिमंडळातही क्वचितच पाहिले आहे. पण तिने तो कागद परत दिला नाही, उलट त्याच्याच मागील बाजूस आपली कृती लिहावयास घेतली, आणि या कृतीचा तपशील वादाहून कमी महत्त्वाचा नसल्यामुळे तो येथे देणे प्राप्त आहे.

फळ पिकलेले हवे परंतु घट्ट हवे, हा तिचा पहिला दंडक. अननस सर्वांत उत्तम, कारण त्याचा धागा मद्यात विरघळत नाही; त्यास एक ते दोन दिवस पुरतात. आंब्यात गावरान रसाळ आंबा निरुपयोगी, तो चोखावयाचा. फोडीसाठी केशर किंवा तोतापुरी, तीही किंचित करकरीत असतानाच, आणि एका रात्रीपेक्षा अधिक नको. द्राक्षे सालीसकट घालावयाची तर प्रत्येकास सुईने टोचावे, नाहीतर साल आत काही शिरू देत नाही. टरबुजाला भोक पाडून त्यात अख्खी बाटली उलटी उभी करण्याची जी तऱ्हा चलचित्रांत दाखवतात ती दिसावयास नाट्यमय, परंतु मूळचेच पाण्याने भरलेले फळ आणखी द्रव सावकाश व विषम घेते, त्यामुळे एक फोड कोरडी तर दुसरी जहाल होते. त्यापेक्षा फोडी करून दोन-चार तास भिजवाव्यात. बरणी काचेची, उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी केलेली. फळ सदैव द्रवाखाली बुडालेले, कारण वर तरंगणारी फोड हवेने बिघडते. आणि वैशाखाच्या तोंडावरच्या या उन्हात बरणी फ्रिजबाहेर ठेवावयाची नाही, कारण ताज्या फळाच्या पाण्याने मद्य इतके पातळ होते की दीर्घकाळ टिकण्याची खात्री राहत नाही. महिनोन्‌महिने ठेवावयाचे तर ते सुक्या मेव्यानेच साधते.

“आणि केळे?” मी विचारले. अर्धापुरी केळ्यांचा ट्रक दारावरून जात असता हा प्रश्न न विचारणे मला अशक्य होते.

“केळे भिजवू नये,” ती म्हणाली. “लगदा होतो आणि काळे पडते. तव्यावर तूप-गुळात परतून उतरताना वरून चमचाभर रम टाकावी, आणि लगेच वाढावे. ऊस इथला, साखर कारखाना इथला. उसाचीच मळी पुढे रम होते. केळे आणि रम यांची गाठ घालावयाला याहून योग्य गाव कोणते?”

मामांना मळीचा उल्लेख आवडला असावा, कारण ते क्षणभर खात्यातल्या जुन्या आठवणींत रमले. निजामाच्या अमदानीत इकडे मळीची दारू नव्हती. मोहाची फुले वाळवून, भिजवून, आंबवून गाळलेली असे, आणि सरकारी कागदांत त्या फुलांना गुलमोहा म्हणत. त्याखेरीज शिंदी. रियासतीच्या तिजोरीत आबकारीचा वाटा मोठा होता, म्हणून गुत्त्यांचे लिलाव थाटात होत. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होऊन ६ एप्रिल १९५० पासून पूर्ण बंदी आली, तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात असल्यामुळे त्या बंदीच्या बाहेर होता. १९५६ नंतर मुंबईशी संसार मांडला आणि तो कायदाही पुढे घरात आला. मोहाचे वाळलेले फूल बेदाण्यासारखे गोड, भाकरीसंगे खाल्ले जाणारे. त्याच्या टोपल्या जप्त करताना आपण अन्न जप्त करतो आहोत की मद्य, हा संभ्रम आपल्या वडिलांना होत असे, असे मामांनी सांगितले. मला वाटते, फळाच्या बाबतीत त्यांचे मन जे इतके सावध होते त्याचे बीज या वारशात असावे.

“संभ्रम न्यायालयालाही पडला होता,” भाचीने ती संधी सोडली नाही. “बलसारा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधी आणि सौंदर्यप्रसाधनी द्रव्यांतल्या मद्यार्कावरची बंदी घटनाबाह्य ठरवली. म्हणजे आजोबांचे द्राक्षासव तरले. तुमच्या कपाटातही बाटली आहे, मामा. फळाचीच आहे, मद्याचीच आहे, आणि तुम्ही जेवणानंतर रोज दोन झाकणे घेता.”

“घेतो. समान पाणी घालून घेतो. त्या बाटलीवर स्वयंजनित मद्यार्क किती, ते छापलेले असते, आणि झाकण हे माप आहे. तू माझाच मुद्दा मला परत देते आहेस, माय.”

या उत्तरानंतर ती काही वेळ गप्प राहिली, आणि जेव्हा बोलली तेव्हा तिचा स्वर निराळा होता. मला वाटते, तिचे खरे म्हणणे तोवर बाहेर आलेच नव्हते. इतिहास, न्यायालय, जर्मन बरणी हा सारा त्यावरचा पडदा होता.

“मामा, या गावातला पुरुष प्यावयाचा असेल तर धाब्यावर जातो, देशीच्या दुकानी जातो, गाडीच्या डिकीत बाटली ठेवतो, सगळ्यांना माहीत असते आणि कोणी काही बोलत नाही. मामीला, माझ्या भावजयांना ती सोय नाही. त्यांच्या हातात पेला दिसला की तो सात गावांत दिसतो. पण अननसाची फोड दिसत नाही. ती फळच असते. पेला उचलावा की नाही याची परीक्षा न देता, कोणाच्या नजरेस न पडता, जिला चव घ्यावयाची आहे तिला घेता येते, आणि नको असेल तिला न बोलता ताटली पुढे सरकवता येते. तुम्ही ज्याला दोष म्हणता, फळात दारू दिसत नाही, तेच माझ्या दृष्टीने त्या पदार्थाचे मोल आहे.”

मामांनी चष्मा काढला. मी त्यांच्याकडे पाहण्याचे टाळले, कारण या युक्तिवादास खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात उत्तर नसावे अशी माझी अटकळ होती. ती बहुतांशी खरी ठरली, तथापि पूर्णांशाने नव्हे.

“लोकांना दिसू नये हे मला समजते,” ते सावकाश म्हणाले. “खाणाऱ्यालाही दिसू नये, हे समजत नाही. विषारी दारूने माणसे मेली, विक्रोळीला २००४ साली, मालवणीला २०१५ साली. मालवणीत शंभरावर गेली. त्यांच्या पेल्यात काय आहे ते पाजणाऱ्याला ठाऊक होते, पिणाऱ्याला नव्हते. तुझ्या सीलबंद बाटलीशी त्याची तुलना नाही, ते मला कळते. पण बघ, आखाड्यावर मुले असतील. त्यांनी त्या वाडग्यात हात घातला तर त्यांना कोण अडवणार? फळ आहे म्हणूनच घालतील. तुझ्या मोठ्या मामांच्या गळ्यात माळ आहे; फळ आहे म्हणूनच ते विचारणार नाहीत. एखादी बाई औषधे घेत असेल, कोणी दोन जिवांची असेल. त्यांचा फळावर विश्वास आहे. तो तू मोडू नकोस, एवढेच माझे म्हणणे.”

येथे माझा कौल, कोणी मागितला नसताही, नोंदवून ठेवतो. भाचीचा मुद्दा मला मामांच्या हिशेबाहून मोलाचा वाटला, कारण हिशेब कोणीही मांडू शकतो, पण घरातल्या स्त्रियांचा संकोच कोठे दडलेला आहे हे जाणून त्यासाठी एक अननस शोधून काढणे ही निराळी बुद्धी आहे. परंतु पाहुण्याचे खाणे चारचौघांपासून लपावे हे त्याच्या सन्मानाचे रक्षण, आणि त्याच्या पोटात काय चालले आहे हे त्याच्याचपासून लपावे हा त्याच्याशी केलेला दगा. यांतील पहिले यजमानाने अवश्य करावे, दुसरे कदापि करू नये, आणि या दोहोंची सीमारेषा एका वाडग्याच्या काठाहून रुंद नाही. मद्याची फळे मुलांच्या व साध्या फळांच्या शेजारी मांडूच नयेत. ती वेगळ्या जागी असावीत, भाचीने स्वतः जवळ उभे राहून प्रत्येकास काय आहे ते हळूच सांगून द्यावीत, आणि वाटीत मोजून आठ, हे तिने स्वीकारले. वाटीवर चिठ्ठी लावण्याची मामांची सूचना तिने साफ नाकारली; चिठ्ठी आली की पेला आला, असे ती म्हणाली, आणि मामांनी आग्रह धरला नाही. माळकऱ्यांसाठी व मुलांसाठी अननस रमेवाचून पन्ह्यात घालावयाचा ठरला. गाडी चालवून नांदेडला परतणाऱ्यांनी एक तर रात्री आखाड्यावरच निजावे किंवा पन्हे प्यावे, ही अट मात्र दोघांनी एकमुखाने घातली.

राहता राहिली तारीख. १ मे, महाराष्ट्र दिन, हिंगोली जिल्ह्याचाही जन्मदिन, कारण १९९९ साली याच दिवशी तो परभणीपासून वेगळा झाला. आणि राज्यातल्या मद्यविक्रीस बंदीचा दिवस. मामांना हे सांगताना निःसंशय आनंद झाला. भाचीने शांतपणे उत्तर दिले की बंदी विक्रीवर असते, आणि फळे तर २९ एप्रिललाच बरणीत पडलेली असतील. मामांनी यावर पुष्कळ विचार केला व शेवटी, कायद्याचे शब्द असे असल्यामुळे आपला नाइलाज आहे, असे म्हटले. मात्र रम पिणाऱ्याचे वय पंचवीस पूर्ण हवे आणि प्रत्येकाजवळ परवाना हवा, मग तो एका दिवसाचा असो, वर्षाचा असो वा आजीवन, याविषयी ते तसूभरही हटेनात. परवान्याचा नियम महाराष्ट्रात कोणी पाळीत नाही या भाचीच्या म्हणण्यावर, म्हणूनच या घरात तो पाळला जाईल, असे त्यांचे उत्तर होते.

इतका वेळ माजघरात हळदीचे डबे भरीत असलेल्या मामींचा आवाज आला. “आठ फोडींचा एक पेग म्हणालात ना? मग मी सहाच खाईन. पाऊण पेगाला परवाना लागतो का?”

“एका थेंबालाही लागतो,” मामा म्हणाले.

“मग उद्या नांदेडला जाताच आहात तर काढून आणा. आजीवनच आणा.”